समासातलं अक्षर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते बाईंचे. आई-वडिलांचं धरत नाही, ते मोजायचं नसतं. बाई म्हणजे आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथी मला शिकवणाऱ्या शिक्षिका. पुढे त्या तिथेच मुख्याध्यापिका झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांना यापलीकडे दुसरं नाव मी इथे देणार नाही.

आमचं गाव तळेगाव (श्यामजी पंत)पासून फार लांब नाही. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. माझ्याआधी घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी शेजारी दुसरी पेटी मांडायची ठरवली होती. त्या आठवड्यात बाई आपली सायकल हातात धरून दुकानासमोर आल्या. वडिलांनी चाकं दाबून पाहिली, ब्रेक ओढून पाहिले.

"बाई, काय झालं सायकलीले?"

"सायकलीले काही नाई झालं. तुमच्या पोराचं नुकसान होऊन राह्यलं, ते सांगाले आली. त्याले वर्ध्याले पाठवा."

वडिलांनी चांगल्या चाकांत उगाच थोडी हवा भरली. पण दुसरी पेटी काही मांडली गेली नाही. मी वर्ध्याला वसतिगृहात राहून बी.ए. झालो, मग नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकलो. गावच्या वाचनालयात जागा निघाली तेव्हा बाई कार्यकारिणीवर होत्या. माझा अर्ज टेबलावर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या होत्या म्हणे, की अक्षर पाहून घ्या, बाकी मग विचारा.

अक्षर ही बाईंनी आम्हाला दिलेली पहिली वस्तू. पाटीवर आमचा हात धरून त्या गिरवून घ्यायच्या. शब्द पूर्ण झाल्याशिवाय वरची रेघ मारायची नाही, आणि मारायची ती एका दमात. ळ चे दोन्ही डोळे सारखे. उकार पोटाशी घेतलेला, खाली लोंबणारा नाही. बाईंनी सगळी नोकरी गावातल्या पोरांचे हात असे धरण्यात घालवली. त्यामुळे आमच्याकडे किराण्याच्या चिठ्ठीपासून लग्नपत्रिकेच्या पाकिटापर्यंत सगळं एकाच हाताने लिहिल्यासारखं दिसतं. बँकेत बाहेरगावचा नवा कॅशियर आला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुमच्या गावात स्लिपा भरून देणारा एकच माणूस आहे का हो?" ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगत असू.

वाचनालय क वर्गाचं आहे. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल आणि एका योजनेतून मिळालेला कॉम्प्युटर. दाराशी रस्त्याकडे तोंड करून काळा फळा आहे. माझ्या आधीचे ग्रंथपाल त्यावर रोज सुविचार लिहायचे. मीही वर्षभर लिहिले. एकदा मुद्दाम तोच सुविचार पंधरवडाभर ठेवून पाहिला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी एक ते चार वाचनालयात सहसा कोणी नसतं. त्या वेळात मी इंटरनेटवर भटकू लागलो. आधी अनुदानाची परिपत्रकं शोधायला, मग परदेशातली वाचनालयं कशी असतात ते पाहायला, आणि मग कशालाही. एके दिवशी सुविचाराच्या जागी मी लिहिलं: आजचं नवल. वर्ध्यातून सरळ खाली पृथ्वीच्या आरपार भोक पाडलं तर माणूस कुठे निघेल? उत्तर: पॅसिफिक महासागरात.

संध्याकाळी फळ्यासमोर चारपाच माणसं उभी होती. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका होते. ते रोज वर्तमानपत्र वाचायला येत.

"गाडी थेट हाय का, बदलून जा लागते?" त्यांनी मला विचारलं.

"थेट आहे काका. पण उतरल्यावर पोहावं लागते."

"मंग मी नाई येत बापा. आपल्या नदीत गुडघाभर पाणी राहत नाई, पोह्याले शिकू कुठं?"

तिथून मला नाद लागला. परदेशातल्या काही वाचनालयांत पुस्तकांसोबत केकची भांडीही घरी नेता येतात, हे लिहिलं तर बालवाडीच्या मदतनीस येऊन म्हणाल्या, "आमच्यासाठी पुरणयंत्र ठेवा ना जी, सणाच्या आधी नंबर लावून ठेवतो." शेकडो वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितावर मांजराच्या शाईभरल्या पावलांचे ठसे आहेत, ते चित्र छापून फळ्याला चिकटवलं. शाळेतली पोरं ते बघायला वाकडी वाट करून आली. मग कोणीतरी व्हॉट्सअॅपवर वाचकांचा ग्रुप काढला, मला अॅडमिन केलं. चौकात लोक थांबवून विचारू लागले, "आज काय सापडलं?" मला ते फार आवडायचं. वसतिगृहात मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करत, मी तिथली तीन वर्षं वर्गात हात वर केला नव्हता. आणि आता आख्खं गाव माझ्या ओळींची वाट बघत होतं.

जुन्या काळी युरोपात पुस्तकांच्या नकला करणारे लेखनिक पानाच्या कडेला आपली गाऱ्हाणी लिहून ठेवायचे, असं एकदा वाचनात आलं. थंडी फार आहे, हात दुखतो, शाई पातळ आहे, अशी. फळ्यावर हे खूप चाललं. तेव्हा मनात आलं, आपल्या पुस्तकांच्या समासात कोणी काय लिहिलं असेल?

आमची बरीचशी जुनी पुस्तकं मी नोकरीला लागण्याआधीच वाळवीच्या भीतीने नागपूरच्या एका संस्थेला दिली होती. त्या संस्थेने जुन्या पुस्तकांची पानं इंटरनेटवर चढवली आहेत हे मला ठाऊक होतं. एका दुपारी तिथे गावाचं नाव टाकून शोधत बसलो, आणि पडद्यावर आमच्या वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का आला. खोटं सांगत नाही, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आमचं गाव जगाला दिसत होतं.

पुस्तक होतं नव्या नवरीला उपदेश करणारं, लहानसं, फार जुनं. आणि त्याच्या समासात कोणीतरी निळ्या शाईने उत्तरं दिली होती.

ती उत्तरं आता मी इथे जशीच्या तशी देणार नाही. खाली जी वाक्यं आहेत ती मी बदललेली आहेत. मूळ वाक्यांचा सूर तेवढा समजावा म्हणून ती लिहितो.

पुस्तकात छापलं होतं: पती घरी परतताच पत्नीने हातातील सर्व कामे सोडून हसतमुखाने सामोरे जावे. समासात लिहिलं होतं: आणि दूध?

पुस्तकात: पत्नीने पतीच्या आधी उठावे व त्याच्या नंतर निजावे. समासात: वाचावे कधी?

पुस्तकात: माहेरची आठवण वारंवार काढू नये. समासात: एकदाच काढली. पुरली.

मी एकटाच मोठ्याने हसलो. रोज एक याप्रमाणे फळ्यावर लिहायला लागलो, वर छापील ओळ, खाली उत्तर. ग्रुपवर पानाचा फोटोही टाकायचो. त्या दिवसांत फळ्यासमोर जितकी गर्दी झाली तितकी मांजराच्याही वेळी झाली नव्हती. माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारत.

"हे तं माझ्या घरचीनं लिहिलं वाटते!"

"तुह्या घरचीनं लिहिलं असतं तं समास पुरला असता काय बे?"

चौथ्या दिवशी मी मातृत्वाचं पान घेतलं. त्या पुस्तकाच्या मते मूल नसलेल्या बाईचं जगणं अपुरं होतं. समासात तीनच शब्द होते: वर्गात आहेत की.

त्याखाली मी माझ्या बुद्धीची भर घातली. लिहिलं: वाचक शिक्षिका असावी! कोण? ओळखा पाहू.

हे लिहिताना मला आपण मोठे गुप्तहेर झाल्यासारखं वाटत होतं. बाईंना मूलबाळ नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही होतं. त्यांच्या वर्गात मी चार वर्षं बसलो होतो. तरी माझ्या डोक्यात ती पुस्तकातली बाई म्हणजे कोणी जुन्या काळातली, केव्हाच मरून गेलेली, कोणाचीच कोणी नसलेली अशी होती. जी आपल्याला इंटरनेटवर सापडते ती आपल्या गल्लीत राहत असेल, हे मला सुचलंच नाही.

त्या दिवशी गर्दी होती, पण हसण्याचा आवाज नव्हता. कंडक्टरकाकांनी वाचलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि आत येऊन म्हणाले, "हे पुरे कर आता. उद्या ते मांजराचं टाक पुन्हा."

"काऊन काका, मजा नाई येत का?"

"टाक मांजराचं," ते म्हणाले आणि पेपर न वाचता गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाई दर गुरुवारी दुपारी पुस्तक बदलायला येत. मी आतून पाहिलं, त्या फळ्यासमोर उभ्या होत्या. आदल्या दिवशीची ओळ अजून तशीच होती. मी कौतुक ऐकायला बाहेर धावलो.

"हे तू लिहिलं?"

"हो बाई. सापडलं मले. आपल्याच वाचनालयाचं पुस्तक हाय, शिक्का आहे त्याच्यावर."

"पूर्ण पुस्तक हाय?"

"पान न पान."

"शेवटचं पान?"

"त्यावर तं सगळ्यात भारी ओळ आहे, बाई. उद्या टाकतो."

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "अक्षर कोणाचं वाटते तुले?"

मी हसलो. "आपल्यासारखंच आहे. माझंही असंच निघते."

"हो," बाई म्हणाल्या. "तुझंही असंच निघते."

आत येऊन त्यांनी पुस्तक परत केलं. मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं नवीन पुस्तक पुढे केलं तर म्हणाल्या, "आज नको. डोळे दुखून राह्यले."

आणि मी दुसऱ्या दिवशी शेवटचं पान टाकलं. ते सांगायलाच मला सर्वांत जड जातं. त्यांनी विचारलं होतं, मी सांगितलं होतं, त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि तरी मी सकाळी दार उघडल्याबरोबर आधी खडू हातात घेतला. ती ओळ अशी होती: ज्यांनी हे पुस्तक मला आणून दिलं त्यांनी ते वाचलेलं नाही. पानं चिकटलेली होती, ती मीच सुटी केली.

बाईंचे यजमान सकाळी अकराला येतात. गावात त्यांच्या घराण्याचं किराणा दुकान आहे, आता पुतणे पाहतात. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. धोतर स्वच्छ, बोलणं कमी, वर्तमानपत्राची घडी जशी होती तशी करून ठेवणारे ते एकटेच. त्या दिवशी ते फळ्यासमोर खूप वेळ थांबले. मग टेबलाकडे न जाता माझ्याकडे आले.

"कॉम्प्युटरवर दाखव ते पुस्तक. आधी कव्हर दाखव."

मी दाखवलं. समई आणि तिच्या बाजूला पदर घेतलेली बाई, असं चित्र होतं.

"हे मीच नेलं होतं इथून," काका म्हणाले. "लगन झाल्यावर. माय म्हणे, सुनेले वाचाले दे. मंग बरेच वर्षं घरीच राह्यलं." मग त्यांनी बोट पडद्याच्या अगदी जवळ नेलं. "अन् हे तिचं अक्षर हाय."

मी पाहिलं. ळ चे दोन डोळे सारखे. वरची रेघ एका दमात. उकार पोटाशी घेतलेला. इतके दिवस ते पाहत होतो आणि मला ते कोणाचंच वाटलं नव्हतं, कारण माझ्या लेखी अक्षर म्हणजे तेच. मराठी लिहिलं की असंच दिसतं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. दुसऱ्या गावचा ग्रंथपाल असता तर त्याला ते अक्षर निदान वेगळं वाटलं असतं.

मग दारातून फळा दिसला. आमच्या दारातून तो उलट्या बाजूने दिसतो, लाकडी पाठ दिसते फक्त. पण त्यावर काय आहे ते मला माहीत होतं. बाईंचे शब्द, आणि तेही त्यांनीच शिकवलेल्या अक्षरात. गावातल्या जाणत्या माणसांना असं दिसलं असेल की बाईंनी स्वतः येऊन चौकात आपल्या संसाराबद्दल लिहून ठेवलं आहे.

"काका, मला खरंच..."

"आता वाचतो," काका म्हणाले. "तू पानं पलटव. मले तो उंदीर फिरवता येत नाई."

मी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली आणि बाजूला उभा राहून एकेक पान पुढे केलं. ते छापील मजकूर वाचत नव्हते. फक्त कडा वाचत होते. मध्येच एका पानावर थांबले. तिथे एक लांब मजकूर होता. तो मी फळ्यावर घेतला नव्हता, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तो मी इथे बदलूनही लिहिणार नाही. काकांनी तो दोनदा वाचला असावा. मी खाली कीबोर्डकडे पाहत राहिलो.

शेवटचं पान झाल्यावर ते म्हणाले, "तिनं माझ्याशी कधी भांडण नाई केलं. मले वाटे, हिचं सगळं बरं चालू हाय."

मी म्हणालो, "फळा पुसतो मी."

"पुसू नको. आता पुसशील तं ज्याले नाई समजलं त्यालेबी समजन. उद्या दुसरं काही लिहिजो, नेहमीसारखं."

त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र वाचलं नाही.

काकांचं फळ्यापुरतं मी ऐकलं. ग्रुपवरचे फोटो मात्र घाईघाईने पुसायला गेलो. जुने जाईनात, माझ्याकडून फक्त परवाचा आणि आजचा गेला. त्या जागी संदेश डिलीट केल्याची पाटी आली, आणि पाचच मिनिटांत कोणीतरी लिहिलं, "काऊन डिलीट केलं बे? कोण निघाली ते सांग ना." खाली हसण्याची चित्रं. मग एक बाई, बाईंच्याच जुन्या सहकारी, ग्रुप सोडून गेल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी. कोण निघाली, हे त्यानंतर कोणाला विचारायची गरज राहिली नाही. पुलगावला राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे ते फोटो दुसऱ्याच ग्रुपवरून पोहोचले होते. त्याने मला फोन करून शाबासकी दिली.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक धडा होता. वाचकाने काय वाचलं, कोणतं पुस्तक नेलं, हे ग्रंथपालाने कोणाला सांगायचं नसतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. मी दोन पानं उत्तर लिहिलं होतं, बाईंनी शिकवलेल्या सुंदर अक्षरात.

दोन दिवसांनी बाईंच्या घरी गेलो. त्या घरात मी कधी दाराची कडी वाजवली नव्हती. सरळ स्वयंपाकघरात जायचो, स्टीलच्या पेल्यात चहा प्यायचो, डबा उघडून चिवडा घ्यायचो. त्या दिवशी बाहेरच उभा राहिलो.

बाई आल्या. "या," म्हणाल्या. "बसा."

आयुष्यात पहिल्यांदा त्या मला 'बसा' म्हणाल्या. मी समोरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलो. चहा कपबशीत आला, ट्रेमध्ये. पाहुण्यांना द्यायच्या कपात.

"बाई, माझी चूक झाली. मला माहीत असतं तर..."

"चहा घ्या. थंडा होते."

मी एक घोट घेतला. बाई खिडकीतून अंगणाकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. वर्गात पाढा चुकला की पाहायच्या तशाच. राग नव्हता, त्या वाट पाहत होत्या.

"माहीत असतं तं नसतं टाकलं, असंच म्हणणार होते ना तुम्ही?"

"हो बाई."

"म्हणजे दुसऱ्या कोणाचं असतं तं चाललं असतं."

ते खरंच होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी आजही ती गोष्ट चौकात हसत सांगत असतो.

कप ट्रेमध्ये ठेवून मी उठलो. त्यांनी दारापर्यंत येऊन, पाहुण्यांना म्हणतात तसं, "येत जा," म्हटलं.

त्यानंतर बाई वाचनालयात आल्या नाहीत. काका येतात. वर्तमानपत्र वाचतात, घडी नीट करून ठेवतात. मी विचारतो, बाई बऱ्या आहेत ना? ते म्हणतात, बऱ्या हायेत. एवढंच. गुरुवारी मी दुपारभर दाराकडे पाहत बसायचो. एका गुरुवारी वाट पाहणं सोडून हे सगळं लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर बाईंना पत्र लिहिलं आणि या पानांसोबत टपालाने पाठवलं. पानं परत आली, म्हणून त्या पत्राची नक्कल इथे जोडतो:

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे आणि मी टपालाने पत्र पाठवतो आहे. घरी आलो तर तुम्हाला मला बसा म्हणावं लागेल. ते ऐकायची माझी हिंमत नाही आणि म्हणायचा त्रास तुम्हाला देऊ नये असं वाटतं.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. उत्तर होय असं आहे. दुसऱ्या कोणाचं असतं तर मला काही वाटलं नसतं. मी त्या बाईला मेलेली समजत होतो, आणि मेलेल्या माणसाचं काहीही चौकात मांडलं तरी चालतं, असं मला न विचारताच पटलेलं होतं. हे मी कुठे शिकलो ते मला सांगता येत नाही. तुमच्या वर्गात नाही शिकलो.

गुरुवारी तुम्ही शेवटच्या पानाबद्दल विचारलं तेव्हा थांबायला हवं होतं. तुम्ही मला थांबायची संधी दिली होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त उद्याची गर्दी दिसत होती.

नागपूरच्या संस्थेला वाचनालयाच्या वतीने पत्र लिहिलं आहे की या पुस्तकावर एका वाचकाचा खाजगी मजकूर आहे, तो दिसू नये. कोणाचा ते लिहिलं नाही. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहीन, आणि तरी नाही आलं तर स्वतः जाईन. जे फोनांमध्ये गेलं ते मला परत आणता येणार नाही. ग्रुप बंद केला आहे. फळ्यावर आता फक्त नवीन आलेल्या पुस्तकांची नावं लिहितो. लोक विचारतात नवल काऊन बंद केलं, मी सांगतो की वेळ मिळत नाही. हे खोटं आहे, पण ते मी माझ्यासाठी बोलत नाही.

सोबत काही पानं जोडली आहेत. जे झालं ते मी लिहून काढलं. गावात ही गोष्ट गमतीची म्हणून फिरते आहे, आणि त्यात माझा वाटा कोणी सांगत नाही. तो कुठेतरी नीट लिहिलेला असावा असं वाटलं. तुमची वाक्यं त्यात बदलली आहेत आणि मोठा मजकूर घेतलेला नाही. पण मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं, म्हणून या वेळी विचारतो. तुम्ही नको म्हणालात तर ही पानं चुलीत घाला, माझ्याकडे दुसरी प्रत नाही. कारण द्यायची गरज नाही. काही ठेवायचं आणि काही नको असं वाटलं तर लाल शाईने खोडा. जे खोडाल ते गाळीन, आणि जे तुम्ही पाठवाल तेवढंच लोकांसमोर येईल.

काकांचीही क्षमा मागायची आहे. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांच्यासमोर पान पुढे सरकवत मी उभा होतो, ते मला विसरता येत नाही. त्यांना सांगा किंवा नका सांगू, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

हे पत्र वेगळ्या अक्षरात लिहून पाहिलं. पाकिटावर तुमचंच अक्षर पाहून तुम्हाला नकोसं वाटेल असं वाटत होतं. दोन कागद वाया गेले, जमलं नाही.

तुमचं कार्ड चालू आहे. गुरुवारी तीन ते पाच या वेळात मी आता वाचनालयाच्या कामांसाठी पोस्टात आणि बँकेत जातो. ती कामं मुद्दाम त्याच वेळी ठेवली आहेत. काउंटरवर नवीन लागलेल्या मॅडम असतात, त्या बाहेरगावच्या आहेत, कोणाला काही विचारत नाहीत. तुम्ही कोणतं पुस्तक नेलं ते मी नंतर पाहणार नाही.

आपला विद्यार्थी